पहिल्या अंड्याच्या आधी



पत्रिकेत आजचा विषय 'जनावरांचं बालपण आणि व्यायाम' असा छापला आहे. तो वाचून काही पालकांनी मला विचारलं, मुलांना कितव्या वर्षी मैदानात उतरवावं ते सांगणार का? नाही सांगणार. मी जनावरांचा डॉक्टर, त्यातही बरीचशी नोकरी शरीररचना शिकवण्यात गेलेली. रोजचा संबंध हाडांशी, आणि हाडांचा मूळ मालक हजर नसायचा. आज माणसं येतील, पण इतर प्राण्यांच्या रांगेत उभी राहून.

सुरुवात एका करडापासून करतो. हॉलंडमध्ये स्लायपर नावाचे शरीररचनेचे अभ्यासक होते. त्यांनी १९४२ साली एका शेळीच्या सांगाड्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. हे करडू जन्मापासून पुढच्या पायांविनाच वाढलं. मागच्या दोन पायांवर उड्या मारत ते फिरायला शिकलं आणि साधारण वर्षाचं असताना अपघातात गेलं. स्लायपरनी त्याचं शवविच्छेदन केलं तेव्हा मागच्या पायांची हाडं, कटीचं हाड, छातीचा पिंजरा, पाठीचा कणा यांपैकी काहीच नेहमीच्या शेळीसारखं नव्हतं. पार्श्वभागाच्या स्नायूंची ठेवण बदलली होती आणि त्यांना धरून ठेवायला, शेळीत एरवी न आढळणाऱ्या कंडरा तयार झाल्या होत्या. काही बाबतींत तर हा सांगाडा कांगारूच्या जवळ गेला होता. त्या करडाला कोणी शिकवलं नव्हतं, आणि त्याच्या आईबापांत कांगारूचा अंशही नव्हता. वाढत्या वयात शरीरावर जसा भार आला, तसं शरीर घडत गेलं, एवढीच ही गोष्ट आहे.

भाराप्रमाणे हाड घडतं, हे बर्लिनचे शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ सालीच पुस्तक लिहून मांडलं होतं. आमच्या विद्यार्थ्यांना ते नियम म्हणून पाठ असतं. पाठ असलेल्या नियमातून एक गोष्ट मात्र निसटते. हाच भार लहानपणी आला आणि मोठेपणी आला, तर परिणाम सारखा होत नाही. तो निराळा का होतो, आणि लहानपणीचा परिणाम जनावर म्हातारं होईपर्यंत टिकतो का, हे नीट तपासायला पुढची शंभर वर्षं गेली.

तपासायला अडचणही तशीच होती. चपळ वासरू मोठेपणी दणकट निघालं, तर ते धावलं म्हणून दणकट झालं, की मुळातच दणकट होतं म्हणून धावत होतं? हा पेच इंडियाना विद्यापीठातल्या स्टुअर्ट वॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली फार चतुराईने सोडवला. पाच आठवड्यांच्या पांढऱ्या उंदरांच्या माद्या घेतल्या. प्रत्येक मादीला भूल द्यायची, तिचा उजवा पुढचा पाय यंत्राच्या दोन टोकांमध्ये धरायचा आणि मनगटाकडून कोपराकडे मोजून मापून दाब द्यायचा. डाव्या पायाला हात लावायचा नाही. आठवड्यातून तीन दिवस, असे सात आठवडे. निष्कर्षात याला 'व्यायाम' म्हटलं आहे, ते मला थोडं विनोदी वाटतं, कारण व्यायाम करणारी मादी गाढ झोपलेली होती. पण चतुराई तिथेच आहे. वंश तोच, खाणं तेच, हार्मोन तीच, दोन्ही पाय एकाच देहाचे. फरक पडला तर तो भारामुळेच.

सात आठवड्यांनी उजवं हाड जाड झालं आणि त्यात खनिजही जास्त भरलं. त्यात नवल नाही. त्यानंतर अर्ध्या माद्यांना ९२ आठवडे पिंजऱ्यात नुसतं राहू दिलं. पांढरा उंदीर दोन वर्षांचा झाला म्हणजे म्हातारा. त्या वयात दोन्ही हाडं काढून पाहिली, तर खनिजातला फरक विरून गेला होता. क्ष-किरणाने नुसती घनता मोजणाऱ्याने सांगितलं असतं की सगळा फायदा वाया गेला. पण हाडाचा आकार तसाच होता. मोडून पाहिलं, तेव्हा उजवं हाड मोडायला जवळपास चतुर्थांश जास्त जोर लागला. पुन्हा पुन्हा भार देऊन थकवलं, तेव्हा मोडेपर्यंत त्याने डाव्याच्या सुमारे दहापट फेरे सोसले. तारुण्यातले सात आठवडे जन्मभर पुरले.

हे कसं घडतं ते समजून घ्यायला हाडाचा आडवा छेद डोळ्यांसमोर आणा. एक भरीव काठी घ्या आणि तेवढ्याच वजनाचा पोकळ बांबू घ्या; वाकवायला बांबू जड जातो. लांब हाड म्हणजे असा बांबूच. हिशोबात केंद्रापासूनचं अंतर चौथ्या घातात येतं, त्यामुळे बाहेरचा व्यास किंचित वाढला तरी ताकद पुष्कळ वाढते. वाढीच्या वयात हाडावरचं आवरण जोमात असतं. भार आला की नवा थर बाहेरच्या बाजूला चढतो. वय झाल्यावर हा बाहेरचा कारखाना मंदावतो, आणि नवी भर पडलीच तर बहुतेक आतल्या पोकळीच्या बाजूने पडते. म्हातारपणाची झीजही आतूनच होते. म्हणजे मोठेपणी कमावलेलं नेमकं तिथे साठतं जिथून आधी जातं, आणि लहानपणी कमावलेलं बाहेर, झिजेपासून लांब राहतं.

माणसाच्या बाबतीत वॉर्डन यांनीच २०१४ साली बेसबॉल खेळाडूंकडे पाहिलं. हे खेळाडू चेंडू एकाच हाताने फेकतात, त्यामुळे इथेही दुसरा हात तुलनेला तयार. खेळ सोडून कित्येक दशकं उलटलेल्यांच्या दंडाच्या हाडात, आकारातल्या फायद्यापैकी सुमारे निम्मा आणि ताकदीतल्या फायद्यापैकी सुमारे एक तृतीयांश भाग शिल्लक होता. फिनलंडमध्ये त्याच्या बरंच आधी, १९९५ साली, टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांवर अभ्यास झाला होता. ज्यांनी पाळी सुरू होण्याआधी किंवा त्याच सुमारास रॅकेट हातात घेतली, त्यांच्या दोन हातांच्या हाडांतला फरक उशिरा सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट होता.

इतकं ऐकून कोणी म्हणेल, मग जुंपा लहानपणीच कामाला. इथेच घाई करू नका. मात्रा किती लागते ते आधी पाहा, कारण या सगळ्या शास्त्रातला मला सर्वांत आवडणारा भाग तो आहे.

रुबिन आणि लॅनयन यांनी १९८४ साली पक्ष्याच्या पंखातल्या एका हाडाला रोज ठराविक वेळा भार दिला. दिवसातून चार वेळा भार दिला तर हाड झिजायचं थांबलं. छत्तीस वेळा दिला तर हाड भरपूर वाढलं. अठराशे वेळा दिला तेव्हा? छत्तीसपेक्षा काडीचाही जास्त फायदा नाही. जपानमध्ये उमेमुरा यांनी १९९७ साली उंदरांना रोज उड्या मारायला लावल्या. रोज पाच उड्यांनीसुद्धा पायाचं हाड जाड आणि मजबूत झालं. हाडातल्या पेशी भाराची दखल लगेच घेतात आणि तितक्याच लवकर दखल घेणं सोडून देतात. मग काही तास विसावा मिळाला की पुन्हा सावध होतात. एकूण भार तेवढाच ठेवून तो दिवसात चार वेळा वाटून दिला, तर एका दमात दिल्यापेक्षा हाड जास्त वाढतं, असं पुढे उंदरांवरच दिसून आलं.

आता वासरं. मिशिगन स्टेट विद्यापीठात ब्रायन नीलसन यांच्या गटाने २०१९ साली होल्स्टीन जातीची चोवीस नर वासरं घेतली. आपल्याकडच्या सहकारी दूध संघाच्या माणसाला ही जात सांगावी लागत नाही. काही वासरं खणात कोंडून ठेवली. बाकीच्यांना ७१ मीटरच्या पट्ट्यावर एकदा पळवायचं आणि परत खणात आणायचं. एका गटाला आठवड्यातून पाच दिवस, एकाला तीन दिवस आणि एकाला फक्त एक दिवस. असं सहा आठवडे चाललं. नंतर पुढच्या पायाची नळी काढून मोडून पाहिली. आठवड्यातून एकदाच पळालेल्या वासरांची नळी मोडायला, कोंडलेल्या वासरांपेक्षा वीस टक्क्यांहून जास्त जोर लागला. हिशोब करा. सहा आठवड्यांत सहा धावा, म्हणजे एकूण सव्वाचारशे मीटरच्या आसपास. पटांगणाची एक फेरी! आठवड्यात पाच वेळा पळवून त्याहून फारसं काही पदरात पडलं नाही.

या आकड्यांचा माझ्या मनावर झालेला परिणाम उलट्या बाजूने होता. एक धाव इतकं देत असेल, तर ती एक धावसुद्धा न मिळणं केवढं नुकसान आहे! आपल्याकडे वासरू आईपासून तोडलं की हातभर दाव्याने खुंट्याला जखडतात. उठायचं, बसायचं, मान वळवायची, एवढीच त्याची हालचाल. त्याला चारा-पेंड मिळते, जंताचं औषध मिळतं, लस टोचली जाते, आणि मालकाला वाटतं काही कमी ठेवलेलं नाही. गेली काही वर्षं मुक्त संचार गोठ्याचा प्रसार चालू आहे. दूध किती वाढतं, मजुरी किती वाचते, कासेचे आजार किती कमी होतात, याच्या जोरावर तो प्रसार होतो, आणि ते ठीकच आहे. पण त्या गोठ्यांत गाई मोकळ्या आणि वासरं कोपऱ्यात बांधलेली, असंही दृश्य मी पाहिलं आहे. मोकळीक आधी कोणाला द्यायची, असं मला विचाराल तर वासराला. गाईची हाडं घडून गेलेली आहेत.

कमी मात्रा पुरते, मग जास्त मात्रेने बिघडतं का? बिघडतं, आणि याचा सर्वांत बारकाईने झालेला अभ्यास घोड्यांवरचा आहे. नव्वदीच्या दशकात हॉलंडमध्ये उट्रेख्त विद्यापीठाचे बार्नेव्हेल्ड आणि व्हान वेरेन यांनी चाळीसहून अधिक शिंगरांचे जन्मापासूनच तीन गट केले. एक गट आईबरोबर कुरणात मोकळा. दुसरा तबेल्याच्या खणात कोंडलेला. तिसराही खणातच, पण त्याच्याकडून रोज ठराविक संख्येने छोट्या जलद धावा करून घ्यायच्या. हा तिसरा गट म्हणजे आपल्या शहरी आयुष्याची नक्कल म्हणता येईल: दिवसभर खुर्चीत आणि संध्याकाळी जिममध्ये. पाच महिन्यांनी काही शिंगरांचं विच्छेदन केलं. उरलेल्यांना अकरा महिन्यांचे होईपर्यंत एकत्र, एकसारखं वागवलं.

सांध्यातल्या कूर्चेची एक गंमत आहे. जन्मलेल्या शिंगराच्या सांध्यात ती सगळीकडे एकसारखी असते. ज्या भागावर कायम भार येतो आणि ज्या भागावर फक्त उडी मारताना येतो, त्यांच्या रचनेत जन्मतः फरक नसतो. शिंगरू उठून चालू लागलं, बागडू लागलं, की पहिल्या काही महिन्यांत प्रत्येक भाग आपापल्या कामाप्रमाणे घडतो. कोंडलेल्या शिंगरांत हे घडणं मागे पडलं. पुढच्या सहा महिन्यांत कूर्चेतले काही घटक भरून निघाले, पण कोलॅजन तंतूंच्या बाबतीत ती भरपाई झाली नाही. आणि धावा करवलेला तिसरा गट? पाच महिन्यांपर्यंत तो ठीक दिसत होता. अकरा महिन्यांना मात्र त्या शिंगरांच्या कूर्चेतल्या पेशींची काम करण्याची ताकद घटलेली आढळली. सर्वांत चांगली निघाली ती कुरणातली शिंगरं. त्यांच्याकडून कोणीही काहीही करून घेतलं नव्हतं.

मग न्यूझीलंडमध्ये मॅसी विद्यापीठात दुसरी बाजू तपासली गेली. तिथली सगळी शिंगरं कुरणातच वाढवली, आणि त्यांपैकी काहींना तीन आठवड्यांच्या वयापासून दीड वर्षापर्यंत थोडा जादा व्यायाम दिला. हालचालीत सुमारे तीस टक्क्यांची भर, तीही गवताच्या धावपट्टीवर आणि हळूहळू वाढवत नेलेली. यांना अपाय झाला नाही. कूर्चेतल्या पेशी उलट जास्त जगल्या. पुढे ती शर्यतीच्या तालमीत गेली तेव्हा दुखापती वाढल्या नाहीत, आणि चमत्कारही घडला नाही. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. मोकळेपणाच्या पायावर थोडी तालीम चालते. कोंडवाड्यावर उतारा म्हणून दिलेली तालीम नडते.

शर्यतीच्या घोड्यांत 'शिन सोअर' नावाचं दुखणं असतं. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर तबेल्यातला पोरगाही ते ओळखतो. दोन वर्षांचं घोडं, पुढच्या पायाच्या नळीवर समोरून सूज, हात लावला की पाय झटकतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डेव्हिड नुनामेकर यांनी हे दुखणं उलगडलं. तिथल्या सुमारे सत्तर टक्के तरुण थरोब्रेडना ते होत असे. हळू दौडीत आणि शर्यतीच्या वेगात हाडावर येणाऱ्या ताणाची दिशा निराळी असते, असं त्यांना दिसलं. जुन्या चालीचे ट्रेनर कोवळ्या घोड्याला जपायचं म्हणून महिनोन्‌महिने मैलच्या मैल हळू पळवत. हाड त्या हळू दौडीप्रमाणे घडे, आणि शर्यतीच्या वेगाशी त्याची गाठ एकदम पडे. लांब हळू दौड कमी करून अगदी छोट्या जलद धावा लवकर सुरू केल्या, तेव्हा दुखणं कमी झालं. इंडियन डर्बी आपल्याकडे महालक्ष्मीला चार वर्षांच्या घोड्यांची होते, त्यामुळे घाई थोडी कमी असावी असं वाटतं. तबेल्यात डोकावलं तर तसं दिसत नाही.

शहरातल्या श्रोत्यांसाठी कुत्र्याचं एक उदाहरण देतो, कारण लॅब्राडोर आता तिसऱ्या मजल्यावरही असतो. नॉर्वेतल्या पशुवैद्यकांनी न्यूफाउंडलंड, लॅब्राडोर, लेऑनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार मोठ्या जातींची पिल्लं जन्मापासून नोंदत नेली आणि २०१२ साली निष्कर्ष मांडले. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढलेल्या-उतरलेल्या पिल्लांत खुब्याच्या सांध्याचा दोष जास्त आढळला. मऊ, उंचसखल जमिनीवर पट्ट्याविना हुंदडलेल्या पिल्लांत कमी. पाय तेच, वय तेच, आणि दोन्हीला आपण व्यायामच म्हणतो.

हाडाला निदान म्हातारपणापर्यंत थोडीफार डागडुजी जमते. कंडरेचं तसं नाही. घोड्याच्या पुढच्या पायामागे जी लांब कंडरा असते, ती भरधाव दौडीत तुटायच्या हद्दीजवळ ताणली जाते. शर्यतीचे कित्येक घोडे तिच्यापायीच निवृत्त होतात. इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी २०१० साली त्या कंडरेतल्या कोलॅजनचं अर्धायुष्य काढलं, ते आलं जवळपास दोनशे वर्षं! घोडा जगतो पंचवीस-तीस. म्हणजे त्या कंडरेतलं बहुतेक कोलॅजन तारुण्यात एकदा बनतं आणि तेच घेऊन घोडा मरतो.

माणसाच्या टाचेच्या कंडरेबद्दल हेच डेन्मार्कमध्ये कसं कळलं, ते सांगण्यासारखं आहे. १९५५ ते १९६३ या काळात अणुबॉम्बच्या उघड्यावरच्या चाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला. चाचण्या थांबल्यावर तो हळूहळू घटत गेला. त्या काळात जो जगला, त्याच्या शरीरात तेव्हा बनलेल्या प्रत्येक पदार्थावर त्या वर्षाच्या हवेची छाप बसली. २०१३ साली कोपनहेगनच्या गटाने मृतांच्या टाचेच्या कंडरेचा गाभा तपासला. कार्बनचं प्रमाण त्या माणसाच्या पहिल्या सतरा वर्षांतल्या हवेशी जुळलं. त्यानंतर गाभ्यात जवळपास काही नवं घडलं नव्हतं. ज्या बॉम्बनी इतकं वाटोळं केलं, त्यांनी शरीररचनावाल्यांना एक घड्याळ मात्र देऊन टाकलं.

हृदयाचंही थोडंसं असंच दिसतं. ऑस्ट्रेलियात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंदरांना पाच ते नऊ आठवड्यांच्या वयात चालत्या पट्ट्यावर पळवलं, आणि मग कित्येक आठवडे नुसतं बसू दिलं. त्यांचं हृदय मोठं ते मोठंच राहिलं, आणि वाढ पेशींच्या संख्येतली होती. मोठेपणी पळवलेल्यांना हा लाभ मिळाला नाही. पळण्याची आवड लागते का, हा प्रश्न निराळा. कॅलिफोर्नियात थिओडोर गारलंड यांच्या प्रयोगशाळेत आईचं दूध तुटल्यावर तीन आठवडे चक्र मिळालेले उंदीर मोठेपणी पुन्हा चक्र मिळाल्यावर जास्त पळाले, पण सुरुवातीचे काही दिवसच. हाडाचा आकार सवयीपेक्षा चिवट निघाला.

आता कोंबडी. आजच्या व्याख्यानाचं नाव तिच्यावरून आहे.

वर्ष-दीड वर्ष अंडी देऊन बाद झालेली पिंजऱ्यातली कोंबडी विच्छेदनाच्या टेबलावर घेतली, की तिच्या छातीच्या मधोमध असलेल्या उभ्या हाडावरून बोट फिरवावं. धार सरळ नसते. कुठे वाकलेली, कुठे गाठ आलेली, म्हणजे जुनं मोडलेलं आणि तसंच जुळलेलं. मांडीचं हाड चिमटीत धरून जरा दाबलं, की कट्‌ आवाज येतो. विद्यार्थी दचकतात. खाद्यात कॅल्शियम कमी होतं का, असा त्यांचा पहिला प्रश्न असतो. नसतं. शिंपल्यांचा चुरा तिला रोज मिळत होता.

कोंबडीच्या हाडाचं गणित शेळी-घोड्यापेक्षा कडक आहे. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि आजची कोंबडी वर्षाला तीनशेहून जास्त अंडी देते. त्यासाठी अंडी द्यायच्या वयात, साधारण सोळा ते अठरा आठवड्यांना, इस्ट्रोजेन वाढलं की हाड बांधणाऱ्या पेशी आपलं काम बदलतात. त्या भार पेलणारं हाड बांधणं सोडून, पोकळीत एक मऊ, लगेच वापरता येणारा साठा करू लागतात. भार पेलणारं हाड त्यानंतर नव्याने बांधलं जात नाही, फक्त खर्च होत राहतं. मी या सगळ्या जनावरांच्या मुदतींबद्दल बोलत आलो, त्यांत इतकी ठळक मुदत दुसऱ्या कोणाची नाही. पहिल्या अंड्याच्या आधी जे बांधून झालं, तेवढंच.

कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठात टीना केसी-ट्रॉट आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली हेच पाहिलं. तलंगांचा एक गट नेहमीच्या पिंजऱ्यात वाढवला. दुसरा बहुमजली मोकळ्या घरात, जिथे उडी मारून वर बसता येतं, पंख फडफडवून खाली येता येतं. सोळा आठवड्यांनी सगळ्या तलंगांना प्रौढांच्या पिंजऱ्यांत टाकलं. म्हणजे मोकळेपणा संपला. ७३ आठवड्यांना, अंड्यांचा हंगाम संपताना, मोकळ्या घरात वाढलेल्यांची हाडं अजूनही मोठी आणि मजबूत होती, आणि छातीच्या हाडाची मोड कमी होती. चार महिन्यांच्या उड्या वर्षभराहून जास्त पुरल्या.

इथे शास्त्र बाजूला ठेवून व्यवहाराकडे येतो, कारण मला खरं बोलायचं आहे ते इथे. या प्रयोगांत फारसं महाग काही नाही. आठवड्यातून एकदा सत्तर मीटर धाव. चार उंचवटे असलेलं खुराडं. शिंगराला पहिले पाच महिने कुरण. तरी हे होत का नाही? अडाणीपणामुळे होत नाही असं आपण म्हणून मोकळे होतो, आणि मला ते पटत नाही. ज्या वयात खर्च करायचा, त्या वयात जनावर एकाच्या दाराशी असतं, आणि ज्या वयात फायदा दिसतो, त्या वयात दुसऱ्याच्या. तलंगा वाढवणारा बऱ्याच ठिकाणी वेगळा आणि अंडी घेणारा वेगळा. पहिल्याला दर वजनावर आणि मरतुकीवर मिळतो. सत्तराव्या आठवड्यात मोडणारं हाड त्याच्या हिशोबात येतच नाही. शिंगरू वर्षाचं झालं की लिलावात उभं राहतं, आणि लिलावाच्या तयारीत त्याला तुकतुकीत दिसण्यासाठी खणात ठेवून खाऊपिऊ घालतात. कंडरा दगा देते तेव्हा बिल भरतो तो विकत घेणारा.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या डॉक्टरांना बैलबाजाराची बारकाईने माहिती होती. खिल्लार खोंड घेताना लोक शिंगं बघतात, वशिंड बघतात, दात उघडून 'आदत' (दुधाच्या दातांचा) की 'दुसा' (दोन पक्के दात आलेला) ते बघतात. डॉक्टर आधी विकणाऱ्याला विचारत, हा वाढला कुठं, माळावर की दावणीला? त्यांना या प्रश्नाचं शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा राज्याचा कायदा ग्राह्य धरल्यापासून शर्यतीच्या खोंडांचे भाव चढले आहेत, आणि आदत वयातली खोंडंही शर्यतीच्या घाटात उतरू लागली आहेत. क्रूरतेचा वाद कोर्टात बराच झाला, तो मी इथे उगाळत नाही. पण हाडांचा माणूस म्हणून सांगतो, दिवसभर दावणीला आणि मधूनच घाटात, ही उट्रेख्तच्या तिसऱ्या गटाची तऱ्हा आहे. तो गट पाच महिन्यांपर्यंत चांगला दिसत होता, हे विसरू नका.

माझी सूचना छोटी आहे. कालवड, खोंड, शिंगरू किंवा तलंगांची खेप विकली जाते तेव्हा लशींचा कागद सोबत जातो. त्याच कागदावर एक ओळ वाढवावी: किती वयापर्यंत मोकळं होतं आणि दिवसातून किती वेळ. विकत घेणाऱ्याने ती ओळ वाचून दोन पैसे जास्त मोजले, तर वाढवणाऱ्याला मोकळीक देणं परवडेल. ती खोटी लिहिली जाईल, असा आक्षेप येईल. जाईलही. वयही खोटं सांगतात, म्हणून आपण दात बघायचं सोडलेलं नाही, आणि नळीचा घेर मोजायला शिंप्याची टेप पुरते.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. फक्त मुलांच्या क्रिकेट शिबिरांबद्दल नकोत.